तीन थरांखालची फियाट

साताऱ्याला आमच्या घराच्या मागच्या अंगणात पत्र्याची एक शेड आहे. त्या शेडमध्ये एकवीस वर्षं एक फियाट गाडी उभी होती. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते गेले २००३ साली. त्यानंतर कुणी तिला चावी लावली नाही. टपावर पाटी-फावडं, मागच्या सीटवर जुनी वर्तमानपत्रं आणि बॉनेटखाली दर वर्षी मांजरीची एक खेप, असा तिचा संसार चालला होता. मी निवृत्त झालो त्या आठवड्यात भंगारवाला दारात आला आणि म्हणाला, "साहेब, वजनावर घेतो. उद्या टेम्पो आणू का?" मी "थांब जरा" म्हणालो. ते 'जरा' पुढे चौदा महिने चाललं. त्या चौदा महिन्यांची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

आधी गाडीविषयी थोडं. ही १९७१ सालची फियाट अकराशे डिलाइट. मूळ फियाट अकराशे-एकशेतीन हे मॉडेल इटलीत १९५३ साली आलं. आपल्याकडे ती बांधली प्रीमियर ऑटोमोबाइल्सने, कुर्ल्याच्या कारखान्यात. ही कंपनी मूळच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली सुरू केलेली. पन्नाशीच्या दशकातल्या गोलमटोल फियाटला आपण मराठी माणसांनी प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हटलं. तिचीच पुढची पिढी १९६४ पासून 'डिलाइट' झाली आणि सत्तरीच्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी'. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून आपण जिला ओळखत होतो, ती हीच पद्मिनी. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिनेही मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. इंजिन १,०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली आणि पुढे सलग बाकडं. त्या बाकड्यावर आम्ही तिघं भावंडं आणि आई बसत असू. अण्णा गाडी चालवायचे ते दाराला चिकटून.

अण्णा डॉक्टर होते, जुन्या पद्धतीचे, व्हिजिटला जाणारे. १९७८ साली त्यांनी ही गाडी सेकंडहँड घेतली. तेव्हा मी बारा वर्षांचा. रात्री-अपरात्री खेड्यातून माणूस यायचा, कंदिलाच्या उजेडात अण्णा बॅग उचलायचे आणि गाडीचा तो विशिष्ट घरघराट गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचा. तो आवाज विरला की आम्ही झोपायचो.

भंगारवाल्याला परत पाठवलं आणि दोन गॅरेजवाल्यांना बोलावलं. दोघांनीही गाडीभोवती एक चक्कर मारली आणि एकच उत्तर दिलं, "लांबी मारून, रंग देऊन दहा दिवसांत चकाचक करून देतो." लांबी म्हणजे पत्र्यातले खड्डे बुजवायचं लुकण. सुताराची असते तशी रंगाऱ्याचीही असते. दहा दिवस हा आकडा ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण जी गाडी कुजायला वीस वर्षं लागली, ती दहा दिवसांत कशी बरी होणार? मी ठरवलं, घरीच करायचं. इंजिन मेकॅनिककडे, पण पत्रा आणि रंग माझ्याकडे. त्या दोन्हींतलं मला काहीही येत नव्हतं, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

पहिलं काम गाडी सोडवण्याचं. बंपर, दिवे, काचा, दारं, सीट, एकेक भाग उतरवायचा. इथे मला एक शहाणपण सुचलं. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढला आणि त्या भागाचे स्क्रू धुतलेल्या दुधाच्या पिशवीत घालून वर चिठ्ठी लावली. घरी असा उद्योग करणाऱ्याला मी पहिला सल्ला हाच देईन. खोलताना सगळं लक्षात राहील असं वाटतं. सहा महिन्यांनी हातात उरलेला एक स्क्रू माणसाची झोप उडवतो.

दुसरं काम, पत्रा कुठे आहे आणि कुठे नाही हे बघण्याचं. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. आमच्या जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक मी रुमालात गुंडाळलं आणि गाडीच्या अंगावरून फिरवलं. जिथे पत्रा आहे तिथे ते चिकटतं. जिथे जाड लांबी भरलेली असते तिथे घसरून पडतं. टपावर चिकटलं, बॉनेटवर चिकटलं. दारांच्या खालच्या कडेला घसरलं, कारण तिथे पत्रा गंजून गेला होता. आणि पुढच्या डाव्या मडगार्डवर तर वीतभर जागेत ते अजिबात धरेना. मी तिथे खडूने गोल काढून ठेवला.

मग घासायला बसलो. वरचा रंग पांढरा. तो १९९५ सालचा, मला आठवतो. त्याखाली क्रीम. आणि त्याखाली, सगळ्यात तळाशी, फिकट निळसर राखाडी. तो राखाडी रंग दिसला आणि मी पॉलिश पेपर खाली ठेवला. अण्णांनी गाडी घरी आणली तेव्हाचा हा रंग. आईने कुंकवाचं बोट लावलं होतं ते याच रंगावर. सप्तशृंगगडावर २०२२ साली देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड लेप उतरवला आणि आतलं मूळ रूप समोर आलं, तेव्हा भाविकांना काय वाटलं असेल, याची थोडी कल्पना मला त्या दिवशी आली.

दोन रविवार मी जोरात घासलं. कोरडंच. अंगणभर पांढरी-पिवळी पूड उडत होती. त्याच अंगणात माझा दीड वर्षांचा नातू रांगत, उठत, पडत खेळत होता आणि हात तोंडात घालत होता. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सूनबाई अंगणात आली. ती शाळेत विज्ञान शिकवते. तिने बोटाने ओट्यावरची पूड उचलली आणि शांतपणे विचारलं, "बाबा, जुन्या रंगात शिसं असतं ना?"

मी काहीच बोललो नाही. शिसं असतं, हे मला ऐकून माहीत होतं. पिवळ्या, केशरी, लाल छटांसाठी शिशाची रंगद्रव्यं सर्रास वापरली जात. लोखंड गंजू नये म्हणून पहिला हात देत तो शेंदराचा, आणि पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच संयुग. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत नव्वद भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आमची गाडी तर त्याच्या कितीतरी आधीची, आणि तो नियम गाड्यांच्या रंगांसाठी नव्हताच. शिशाचा सगळ्यात जास्त अपाय होतो तो लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला. अमुक इतकं शिसं शरीरात गेलं तर चालतं, अशी सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनेला अजून सांगता आलेली नाही. रक्तात एक डेसिलिटरला पाच मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आढळलं तर ते कुठून येतं हे शोधून थांबवा, असं ती संघटना सांगते.

दुसऱ्या दिवशी नातवाचं रक्त काढलं. नमुना पुण्याला गेला. अहवाल यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस मी शेडकडे फिरकलो नाही. माझ्या वडिलांची आठवण उजळवण्यासाठी मी माझ्या नातवाला काय चारलं, हा एकच विचार डोक्यात. सूनबाई एका शब्दाने रागावली नाही, त्यामुळे तर जास्तच. अहवाल आला. आकडा चारच्या आत होता. डॉक्टर म्हणाले, "घाबरायचं कारण नाही, पण पूड बंद करा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू." तीन महिन्यांनी तो आणखी खाली आला होता, हे इथेच सांगून टाकतो.

तेव्हापासून नियम ठरले. कोरडं घासणं बंद. पाणीपेपर, बादली आणि साबणाचं पाणी घेऊन ओलंच घासायचं. खाली प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि जमलेला चिखल सुकण्याआधी गोळा करून बंद डब्यात भरायचा. तो डबा बागेत किंवा गटारात रिकामा करायचा नाही. तोंडाला साधा रुमाल नाही, धुळीचा नीट बसणारा मास्क लावायचा. कामाचे कपडे शेडमध्येच बदलायचे आणि वेगळे धुवायचे. अंगण झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. आणि शेडच्या दाराला कडी. तुमच्यापैकी कुणी घरी जुनी गाडी, जुना पाळणा, जुनी खिडकी घासायला काढणार असेल, तर बाकी भाषण विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

आता खडूने काढलेल्या त्या गोलाकडे येतो. मडगार्डवरची लांबी पटाशीने काढायला लागलो. निघते निघते, संपतच नाही. लांबीचा थर तीन मिलिमीटरच्या आसपास असावा, त्याहून जाड भरली की ती पुढेमागे तडकते, असं जाणकार सांगतात. इथे बोटाच्या दोन पेरांइतका थर होता. खाली पत्रा आत दबलेला, कागद चुरगळावा तसा. हा साधा पोचा नव्हता. गाडी कशावर तरी जोरात आदळली होती.

लांबीच्या खाली राखाडी रंग होता आणि वर क्रीम. म्हणजे आपटी बसली ती क्रीम रंग देण्याआधी. क्रीम रंग दिला १९८४ साली. तेव्हा मी कोल्हापूरला वसतिगृहात होतो. दिवाळीला घरी आलो तर गाडी क्रीम झालेली. मी विचारलं तर अण्णा म्हणाले होते, "रंग उडाला होता रे, म्हणून देऊन टाकला." मी चाळीस वर्षं तेच खरं धरून चाललो.

आई चौऱ्याऐंशीची आहे. तिला हाताला धरून शेडमध्ये आणलं आणि मडगार्ड दाखवलं. तिने चष्मा सारखा केला, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "यवतेश्वरचा घाट. पहाटे परत येताना ह्यांचा डोळा लागला. कडेच्या दगडावर गेली. उजवीकडे गेली असती तर दरी होती."

"मला कधी सांगितलं नाहीत ते!"

"तुला सांगून काय करायचं होतं? तू परीक्षा सोडून आला असतास." मग थोडं थांबून म्हणाली, "ह्यांच्याकडे तेव्हा पैसे नव्हते. माझ्या पाटल्या मोडल्या. क्रीम रंग त्यातूनच झाला. सगळ्या गाडीला दिला, म्हणजे एकाच जागी नवा दिसायला नको."

आईच्या हातात पाटल्या होत्या आणि मग नव्हत्या. मला तो प्रश्न कधी पडलाच नव्हता. आणखी एक गोष्ट त्या क्षणी उलगडली. त्यानंतर मी सुट्टीत घरी आलो की बघायचो, रात्रीच्या व्हिजिटला आईसुद्धा अण्णांबरोबर जायची. हातात चहाचा थर्मास. मला वाटायचं, बाईमाणूस पेशंट असेल, सोबत म्हणून जात असेल. ती जात होती अण्णांना जागं ठेवायला. पुढची दहा-बारा वर्षं, ते रात्रीचं जाणं थांबेपर्यंत.

मी ठरवलं, या मडगार्डमध्ये पुन्हा लांबी भरायची नाही. पत्राच सरळ करायचा.

ते माझ्या आवाक्यातलं नव्हतं. तेव्हा एका ओळखीच्याने एका निवृत्त कारागिराचं नाव सांगितलं. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. तीस वर्षं त्यांनी मुंबईत टॅक्स्या ठोकल्या आणि रंगवल्या. उस्ताद आले, आमच्या ओट्याच्या तीन पायऱ्या चढले आणि वरच्या पायरीवर दम घ्यायला थांबले. मग गाडीपाशी गेले, हाताखाली मऊ फडकं धरलं, डोळे मिटले आणि मडगार्डवरून सावकाश तळवा फिरवला. म्हणाले, "साहेब, डोळा फसतो. हात फसत नाही." मागून ठोकळा धरून, पुढून हलक्या हाताने हातोडी मारत त्यांनी तीन दिवसांत तो पत्रा मूळ गोलाईत आणला. पूर्ण नाही. शेवटी कागदाइतकी लांबी लागलीच. "एवढी चालते," ते म्हणाले. "लांबी वाईट नाही. लांबीत पत्रा शोधायला लागला की वाईट."

दाराखालचा पत्रा मात्र कापून नवा जोडावा लागला. जीप किंवा ट्रक यांना खाली स्वतंत्र चासी असते. फियाटला ती नाही. तिचा पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. दारांखालच्या पोकळ पट्ट्या गंजून गेल्या, की गाडी वरून कितीही चकचकीत असो, आतून मोडलेली असते. गंजाची आणखी एक खोड आहे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून रंगाला आधी फोड येतो. तो फोड पॉलिश पेपरने उडवून वरून रंग दिला, की पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हजर. गंज मुळापासून काढायचा, उरलासुरला फॉस्फोरिक आम्लाच्या द्रावणाने मारायचा, स्वच्छ पुसून कोरडं करायचं आणि त्याच दिवशी प्रायमर. उघडा पत्रा दमट हवेत एक रात्र राहिला तरी सकाळी तांबूस दिसतो.

प्रायमरनंतर उस्तादांनी एक युक्ती शिकवली. प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारायचा आणि तो सपाट ठोकळ्याला पाणीपेपर लावून घासायचा. उंचवट्यावरचा काळा निघून जातो, खड्ड्यातला राहतो. म्हणजे पत्रा स्वतःच सांगतो, कुठे चुकलंय. हे मी किती वेळा केलं याची मोजदाद नाही. आधी एकशेऐंशीचा पेपर, मग तीनशेवीस, मग चारशे, शेवटी सहाशे. बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली की मोबाइल माझा अंगठा ओळखेना.

मग रंगाची निवड. पूर्वी गाडीला ब्रशने रंग देत आणि तो वाळायला आठवडे लागत. १९२०च्या दशकात अमेरिकेत 'ड्यूको' हे नायट्रोसेल्युलोजचं लॅकर आलं आणि तासांत वाळू लागलं. आपले रंगारी आजही लॅकरला सरसकट 'डुको' म्हणतात, ते तिथून आलेलं. हल्ली गॅरेजमध्ये चालतो तो दोन डब्यांचा पीयू रंग, एकात रंग आणि दुसऱ्यात हार्डनर. टिकाऊ, चमकदार. मला तोच हवा होता. उस्ताद म्हणाले, "हा घरात नाही." मी कारण विचारलं. त्यांनी छातीवर हात ठेवला. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. फवाऱ्यातून ती श्वासात गेली की दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे अगदी थोड्या वासानेही उसळतो. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क आणि हवा खेचणारी बंद खोली असल्याशिवाय तो फवारू नये. "मी रुमाल बांधून मारला," उस्ताद म्हणाले. तीन पायऱ्यांवर ते का थांबले होते, ते मला तेव्हा कळलं.

म्हणून आम्ही एनसी लॅकर घेतलं. यालाही वास आहे, यालाही योग्य काडतुसाचा मास्क लागतो, पण त्यात ते हार्डनर नाही. आणि माझ्यासारख्या नवशिक्याला त्याचा एक मोठा फायदा म्हणजे चुकलं तर घासून पुन्हा मारता येतं. जुन्या रंगावर मारणार असाल तर आधी थिनरचा बोळा फिरवून बघा. रंग बोळ्याला लागला तर खाली लॅकर आहे. सुरकुतला तर खाली इनॅमल आहे, त्यावर लॅकर मारलं की ते सगळंच उचकटून येतं.

राखाडी छटा जुळवायची कशी? उन्हाने बाहेरचा रंग बदललेला असतो. म्हणून मी दाराचं आतलं रेक्झिन काढलं. त्यामागच्या पत्र्यावर १९७१ सालचा रंग जसाच्या तसा होता. ते अख्खं दार रिक्षात घालून रंगाच्या दुकानात नेलं. रिक्षावाला म्हणाला, "साहेब, बाकीची गाडी कुठं पडली?"

आणि मग मी घाई केली. जुलै महिना होता. उस्ताद म्हणत होते, दिवाळीपर्यंत थांबा. पण दोन दिवस ऊन पडलं आणि मला राहवलं नाही. उस्ताद नसताना मी बॉनेट आणि टप रंगवून टाकला. पाच मिनिटांत माझ्या डोळ्यांदेखत तो राखाडी रंग पांढुरका, दुधाळ झाला. थिनर भराभर उडतो तेव्हा पत्रा गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंगात अडकते. कोरड्या हवेत हे होत नाही, साताऱ्याच्या जुलैत होणारच. हळू उडणारा थिनर वापरून थोडं सावरता येतं, पण माझ्या रंगात कॉम्प्रेसरमधलं पाणीही मिसळलं होतं. बारीक बारीक फोड आले. आठवड्याभराची मेहनत पुन्हा पाणीपेपरखाली गेली. उस्तादांनी येऊन पाहिलं आणि फक्त विचारलं, "चहा आहे का?"

नोव्हेंबरात, दिवाळीनंतर, कोरड्या हवेत रंगाचा दिवस उजाडला. अडचण आली ती देवघराची. आमचं देवघर शेडला लागूनच, आणि आईची समई सकाळी लागते. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि ज्योत गाठते. आईला सांगितलं. तिने देवाला नमस्कार केला, समई शांत केली आणि म्हणाली, "आज देवही सुट्टीवर." घरातला गॅसही बंद. नातू आणि सूनबाई माहेरी. शेडची दोन्ही दारं सताड उघडी, जमिनीवर धूळ बसावी म्हणून पाण्याचा हलका शिडकावा आणि कॉम्प्रेसरला पाणी गाळणारी बाटली.

गन पत्र्यापासून वीतभर लांब, सरळ रेषेत. मनगट वळवायचं नाही, अख्खा हात न्यायचा. पत्र्याच्या आधी सुरू करायचं, पत्रा संपल्यावर थांबवायचं. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. जवळ गेलं की ओघळतो, लांब गेलं की खरबरीत होतो. पातळ पातळ हात, मध्ये वाळायला वेळ. उस्ताद दाराबाहेर खुर्चीवर बसून फक्त आवाज ऐकत होते. "पट्टा सुटला," ते बाहेरून म्हणायचे, आणि खरंच सुटलेला असायचा. दिवसाअखेर गाडी राखाडी झाली. दोन आठवडे वाळू दिली, मग दोन हजारचा पाणीपेपर आणि पॉलिश.

दोष आहेत. उजव्या मागच्या दाराखाली एक ओघळ आहे. टपावर एक डास कायमचा वस्तीला आहे. पत्रा-रंगाचं सामान आणि उस्तादांची मजुरी मिळून साठ-पासष्ट हजार रुपये गेले, इंजिनाचे वेगळे. एवढ्या पैशांत कुणीही मला यापेक्षा चकचकीत रंग दिला असता. पैसे वाचवण्यासाठी हा उद्योग करू नका. आणि रंग बदलणार असाल तर नोंदणी पुस्तकात त्याची नोंद करून घ्या. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले आहेत. 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, मात्र अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाही. आमच्या कागदपत्रांचं काम अजून चालू आहे.

एक गोष्ट मी मुद्दाम केली नाही. डाव्या मडगार्डच्या आतल्या बाजूला, चाकावर, जिथे कुणी बघत नाही, तिथे उस्तादांच्या हातोडीच्या खुणा तशाच ठेवल्या. गंज धरू नये म्हणून फक्त प्रायमर आणि रंग. बोट फिरवलं की लागतात. आणि डिकीच्या आत तळहाताएवढा एक तुकडा न घासता सोडला आहे. त्यावर तिन्ही थर कडेकडेने दिसतात.

गेल्या महिन्यात इंजिन बसलं. पहिल्यांदा गाडी सुरू केली ती अंगणातच, शेडपासून फाटकापर्यंत. आईला पुढच्या बाकड्यावर डाव्या हाताला बसवलं. तिच्या जुन्या जागेवर. गाडी तोच घरघराट करत वीस पावलं गेली आणि थांबली. मी उतरून आईसाठी दार उघडलं, तिला धरून खाली घेतलं आणि पाठीमागे दार लोटून दिलं. ते धाडकन लागलं.

आई वळून म्हणाली, "हळू लाव रे. ह्यांना आपटलेलं चालत नाही."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)